कोलमनचा डावा गुडघा

शववाहिका चालवणाऱ्याने घाई करू नये आणि अडखळू नये, एवढंच लोकांचं मागणं असतं. आयर्लंडातल्या आमच्या मेयो परगण्याच्या त्या कोपऱ्यात कोलमन लाव्हेल ह्या दोन्हींसाठी नावाजलेला होता. चर्चमधून शवपेटी निघाली की घरची माणसं गाडीमागून चालतात. मागे म्हातारी बहीण असेल तर तिच्या पावलाने, तरणे भाऊ असतील तर त्यांच्या, अशी कोलमन गाडी हाकायचा. क्लच अर्धा दाबून धरायचा आणि कबरस्तान येईपर्यंत तसाच ठेवायचा. कोलमनने गिअर बदललेला पेटीतल्यालाही कळत नाही, असं लोक म्हणायचे. ते ऐकून त्याची छाती फुगायची, आणि खरा घोटाळा तिथेच झाला.

वर्षभर त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता. क्लच धरून ठेवला की कळ मांडीपर्यंत चढायची, मग पाय बधिर व्हायचा. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, उनाला. ती मलम चोळता चोळता डॉक्टरचं नाव काढायची आणि हा उठून अंगणात जायचा.

तशात जुनी शववाहिका खिळखिळी झाली आणि मालकीण रिओना नवी घ्यायला निघाली. बापामागे अंत्यविधीचा धंदा सांभाळणारी पोर, कोलमनच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिला ऑटोमॅटिक हवी होती. ब्रेकवरचा पाय उचलला की ती गाडी आपसूक हळूहळू सरकते, डाव्या पायाला कामच नाही. कोलमनला दुसरं काय हवं होतं? पण नको म्हणून सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. चर्चच्या पायऱ्यांवर, पबमध्ये, जिथे चार डोकी दिसतील तिथे तो सांगायचा की बिनगिअरची गाडी ज्यांना चालवता येत नाही त्यांच्यासाठी असते. हो म्हणावं तर लोक विचारणार, का बुवा? मग गुडघ्याचं बिंग फुटणार. एवढा जाणता माणूस आपल्याच हाताने स्वतःची वाट अडवून बसला होता.

शेवटी रिओनाने हात टेकले. चालवणार तुम्ही, तेव्हा तुम्हीच ठरवा, पण ह्या आठवड्यात सांगा, असं ती म्हणाली. लाँगफर्डला एकाकडे गिअरची जुनी शववाहिका विकायला होती, ती किती दिवस थांबणार? कोलमनच्या जिवाला चैन पडेना. तो उगाच गॅरेजमध्ये जाऊन बसायचा, क्लच दाबून बघायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. रिओना समोर आली की रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलायचा. अशात फेस्टी मॅलन गेला.

फेस्टी गुरांचा दलाल. आज ह्या बाजारात तर उद्या त्या, घरी असला तर जेवण्यापुरता. त्याचं घर कबरस्तानाच्या वाटेवर, ऐन चढावर. वाटेत घर लागलं की गाडी फाटकापाशी मिनिटभर थांबते आणि मग पुढे जाते, हा आमच्याकडचा रिवाज. रिओना छत्री काखेत धरून पुढे चालत होती. कोलमनने फाटकापाशी गाडी अगदी अलगद थांबवली. फेस्टीची बायको डेलिया मागच्या काचेवर हात टेकून उभी राहिली.

निघायची खूण झाली. कोलमनने क्लच सोडायला घेतला आणि पाय थरथरला. आचका देऊन गाडी बंद पडली. त्याने पुन्हा सुरू केली, ती पुन्हा बंद पडली. तिसऱ्या वेळी बंद पडता पडता ती वीतभर मागे सरकली, डेलियाच्या अंगावर. हँडब्रेक ओढला तेव्हा त्याला घाम फुटला होता.

मागे कुजबुज सुरू झाली. फेस्टीला जायचं नाहीये, कुणीतरी म्हणालं. बायकांनी क्रूसाची खूण केली. डेलिया काचेला तोंड लावून बोलली ते सगळ्यांनी ऐकलं.

"जा आता फेस्टी. माझं मी बघेन. जा तू."

कोलमनने डाव्या हाताने गुडघा दाबून धरला, जीभ दातांखाली धरली आणि हाताच्या जोरावर क्लच सोडला. गाडी निघाली. मागे गुरांचे दलाल, दगडासारखी माणसं, बाहीने डोळे पुसत होती.

माती झाल्यावर हॉटेलात सूप आणि सँडविच होतं. कोलमन दाराशी, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा उभा होता. डेलिया त्याला शोधत आली.

"लग्न झाल्यापासून तो त्या फाटकातून जातोय," ती म्हणाली. "एकदा मागे वळून बघितलं असेल तर शपथ. आणि आज मला त्याला जा म्हणावं लागलं, कोलमन."

ती हसत होती. असा चेहरा त्याने तिचा कधी पाहिला नव्हता. तोंडाशी आलेलं खरं त्याने सँडविचबरोबर गिळलं.

रिओना गाडी धुवायच्या नळापाशी भेटली. तुमचंच बरोबर होतं, ती म्हणाली. फेस्टी फाटकाशी थांबला, सगळ्या परगण्यात हेच बोलणं चाललंय, आता बिनगिअरची आणली तर लोक मला खातील. तिने लाँगफर्डच्या माणसाला संध्याकाळी फोन करते म्हणून सांगितलंसुद्धा होतं.

कोलमन बादली उचलून दुसरीकडे ठेवत राहिला. एकदा ठेवली, परत उचलली. मग एकदाचा बोलला.

"फेस्टी नाही थांबला, रिओना. माझा पाय गेला. वर्ष झालं."

तिने नळ बंद केला.

"गाडी मागे आली?"

"वीतभर. तिचा हात काचेवर होता."

"आणि वर्षभर तुम्ही चार लोकांत मला हसलात?"

कोलमनने बादली खाली ठेवली. तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि तिनेही काही हातचं राखलं नाही. गाडीमागे माझी आई असती तर, असंही म्हणाली. बोलून दमल्यावर ती उलट्या बादलीवर बसली.

"ऑटोमॅटिक मागवते. पण लोक विचारतील, आजच्या प्रकारानंतर का? उद्या खरं कारण डेलियाच्या कानावर जाईल."

"ते माझ्यावर सोड," कोलमन म्हणाला.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पब भरला होता. मॅटी ड्युअर, जन्माचा टवाळ, कोलमनला बघून ओरडला की आला बघा, ह्याच्या गाडीतून मेलेलेही उतरायला मागत नाहीत. कोलमनने पेला घेतला, पण प्यायला नाही. कोपऱ्यात डेलियाचा भाऊ बसला होता.

"रिओनाला बिनगिअरची घ्यायला सांगितलीय," कोलमन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझा डावा गुडघा गेला. क्लच धरवत नाही."

पबमध्ये हसू फुटलं. खेळण्यातली गाडी आता म्हाताऱ्याला, मॅटी म्हणाला, आणि बराच वेळ म्हणत राहिला. कोलमनचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. मग डेलियाच्या भावाने पेला खाली ठेवला.

"कधीपासून रे, कोलमन?"

कोलमन त्याच्याकडे वळला.

"फेस्टीच्या मातीनंतर," कोलमन म्हणाला. "घरी गेलो आणि जिन्यावरून पडलो. तोपर्यंत पाय ठणठणीत होता."