‘मिस’ने सुरू होणारे शब्द

पटले बाई इंग्रजीचा सुटा शब्द कधीच शिकवत नसत. सुरुवातीची अक्षरं सारखी असलेल्या शब्दांची अख्खी रांग फळ्यावर लिहीत आणि खडू आपटून विचारत, "यातले सख्खे कोण, सांगा. तोंड सारखं दिसते म्हणून घर एक नसते."

दरेकशाकडच्या आमच्या निवासी शाळेत एकदा ‘मिस’ची रांग लागली. मिस्टेक म्हणजे चूक, मिसयूज म्हणजे गैरवापर, मिसलीड म्हणजे दिशाभूल. हे सगळे सख्खे. मिशन मात्र परक्या घरचं. मी आठवीत होते. उठून विचारलं, "मग तुम्हाला आम्ही मिस काऊन म्हणतो?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "तो मिस वेगळ्या घरचा आहे. पण प्रश्न बरोबर आहे. उद्यापासून मला बाई म्हणा."

त्याच वर्षी जेवणातल्या भातात अळ्या निघू लागल्या. सांगायला गेलं की वसतिगृहाचे अधीक्षक म्हणत, "बाजूला काढा आणि खा." एका दुपारी मी माझं ताट उचललं, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि तोंडाला येईल ते ओरडले. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या नावापुढे एकच शब्द आला, ‘मिसकंडक्ट’. सोबत, मुलीला घेऊन जावे.

बाबा जंगलकामावर जाणारे. त्यांना तो शब्द वाचता येईना. गावातल्या कुणीतरी त्यांना अर्थ सांगितला होता: पोरीची चाल बिघडली. तो अर्थ मनात घेऊन बाबा आले आणि माझ्याकडे न पाहता कार्यालयात उभे राहिले. हे आठवलं की अजून माझे दात आवळतात.

पटले बाई वर्ग सोडून आल्या. मुख्याध्यापकांशी बोलल्या, आवाज नेहमीपेक्षा खाली. "सर, मिसकंडक्ट म्हणजे गैरवर्तन. ते झालं खरं, पण नाव चुकीच्या माणसाचं लिहिलंय."

अधीक्षक म्हणाले, "मॅडम, आप इसमें मत पडो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बाबांकडे वळल्या. "भाऊ, तुमच्या पोरीनं भातातल्या अळ्या दाखवल्या. बाकी काही नाही."

बाबांनी तेव्हा मान वर केली. "मंग तं बरोबर केलन."

ग्रुपवरचा शब्द निघाला, तांदूळ बदलला, मी शाळेत राहिले. पण सत्र संपायच्या आत बाईंची बदली झाली, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इटियाडोहकडे. निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक म्हणाले, बाईंनी घरच्या अडचणीमुळे बदली मागून घेतली. बाई जागेवरून उठल्या. "मी मागितली नाही. पोरींसमोर खोटं कायले बोलता?" एवढंच बोलून बसल्या आणि समोरचा चहा शांतपणे संपवला.

मी फाटकापर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेले. संतापानं मला रडू येत होतं.

"राग येऊन राहिला ना?" बाई म्हणाल्या. "येऊ दे. पण बोलशील तेव्हा हळू बोल. तू ओरडलीस, तं सगळे तुझ्या ओरडण्याचंच बोलले. अळ्यांचं कुणी बोललं नाही."

आज मी गोंदियात नर्स आहे. दूरवरच्या खेड्यातून आलेल्या बाईला कुणी दवाखान्याच्या दारातूनच हाकलू लागलं, की मी आवाज खाली आणते आणि बोलते. राग खाली येत नाही. तो यावा असं मला वाटतही नाही.