टेबलं तयार झाली, पण गेली खंय?

मंडळी, मी मालवणजवळ देवबागला घरून काम करते. आज कंपनीच्या डेटा वेअरहाऊससाठी, म्हणजे सगळ्या माहितीच्या कोठारासाठी, नवीन सॉफ्टवेअर बसवलं. टार्गेट डेटाबेस कुठला ते सांगितलं, की त्यात टेबलं, म्हणजे माहिती भरायचे तक्ते, ते स्वतःच तयार करतं. मी चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता दिला. काम पूर्ण झाल्याचा संदेशही आला.

उघडून बघते, तर आत एकही टेबल नाही.

आई जेवायला बोलवायला आली. "काय हरवला गो तुझा?"

"टेबलां गे."

"टेबलां खंय जातली?" म्हणत ती कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत राहिली.

तेवढ्यात पुण्याहून सहकारी समीरचा फोन आला. "अगं, आपल्या चालू डेटाबेसमध्ये काही नवी रिकामी टेबलं दिसतायत. तुझी का?"

त्या डेटाबेसवर सगळ्या शाखांची बिलं निघतात. सेटिंग पुन्हा तपासलं, तर पत्ता चाचणीचाच होता.

"पुसून टाकू? नक्की तुझीच ना?"

नावं ओळखीची वाटत होती, तरी दुसऱ्या कुणाची निघाली तर, म्हणून मला हो म्हणवेना. "राहू दे, उद्या साहेबांसमोर बघू," एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावरही सेटिंगकडे बघत बसले. अजून काही कळलेलं नाही.

माझ्या जागी तुम्ही असतात, तर हो म्हणाला असतात का?