पाक्लेरच्या रिंगणातली सहावी जागा

आमच्या ह्यांना, म्हणजे पाक्लेरना, निर्वासितांची ही अख्खी छावणी 'घामवाला' म्हणते. नदी ओलांडून आलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. येताना लोकांनी भांडी आणली, डुकराची पिल्लं आणली. ह्यांनी काय आणलं? वेताचा चेंडू! मी आठवडाभर बोलले नव्हते ह्यांच्याशी.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मैदानावर खेळ. सहा जणांनी रिंगण करायचं आणि पायानं, गुडघ्यानं चेंडू हवेत ठेवायचा. हात लावायचा नाही. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. पडला की उचलायचा आणि पुन्हा सुरू. कुणाला झोप लागेना, कुणाच्या छातीत धडधडायला लागलं, की हे लुंगी खोचून त्याच्या दारात हजर. "गोळ्या घे बाबा, पण आधी खेळायला ये, घाम गाळ. बसून बसून हाडांना बुरशी येईल तुझ्या!"

माझा धाकटा भाऊ केसे आमच्या समोरच्याच झोपडीत राहतो. त्याचा एकुलता एक लेक लरमू हा रिंगणातला सहावा गडी. गेल्या वर्षी लरमूला परदेशी जायची परवानगी मिळाली, तो बायकोपोरांना घेऊन गेला. केसेच्या कागदात काहीतरी खोट निघाली, तो राहिला. त्या दिवसापासून त्यानं दार लावून घेतलं. दिलेलं ताट तसंच परत यायचं. दवाखान्यातली बाई म्हणाली, "असंच पडून राहू दिलंत तर माणूस हातचा जाईल." माझा जीव टांगणीला लागला.

ह्यांनी मग मैदान सोडलं आणि रिंगण थेट केसेच्या दारापुढं आणलं. उभे पाचच जण राहायचे. दाराकडची सहावी जागा मुद्दाम रिकामी.

"मेहुण्याची जागा आहे ती. रोज दिसली की येईल आपोआप."

चेंडू हटकून तिथंच पडायचा. दोनदा पानांच्या छपरावर गेला, पानं फाटली. असे तीन महिने! मी म्हणाले, "अहो, लाज वाटते का? आजारी माणसाच्या उशाशी कसला धिंगाणा?"

"तू डाळ बघ, करपतेय," म्हणाले. खरंच करपत होती मेली.

एक दिवस दार धाडकन उघडलं. केसे बाहेर आला, हातात कोयता. त्यानं पायाशी पडलेला चेंडू उचलला आणि उभा चिरला.

"दाजी, काय वैर आहे हो तुमचं माझ्याशी? रोज माझ्या पोराची जागा रिकामी ठेवता आणि मला दाखवता! गेलाय तो, माहितेय मला!"

अरे देवा! ती जागा आम्ही केसेसाठी ठेवली होती, आणि त्याला तिथं रोज लरमू नसलेला दिसत होता. तीन महिने आम्ही त्याच्या जखमेवर मीठ चोळत होतो.

ह्यांनी चेंडूचे दोन्ही तुकडे उचलले. म्हणाले, "चुकलं माझं, केसे." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मला हे वाक्य एकदाही मिळालेलं नाही.

घरी येऊन नवा चेंडू विणायला बसले. मधेच डोळे पुसत होते. मी चहा ठेवला पुढ्यात.

दुसऱ्या दिवशी रिंगण परत मैदानावर गेलं. ह्यांनी सगळ्यांना जवळ सरकवलं. आता रिंगण पाचांचंच, मधे फट नाही.

चौथ्या दिवशी मी पाणी भरून येत होते, तर मैदानाच्या कडेला केसे उभा. दाढी वाढलेली, पायांच्या काटक्या झालेल्या. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग ह्यांच्या मागं गेला आणि कोपरानं ढोसलं.

"सरका की दाजी. मी कुठं उभा राहू?"

हे वळलेसुद्धा नाहीत, चेंडू पडला असता ना! हातभर बाजूला सरकले फक्त. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडानं काय, तर "गुडघा वर घे गाढवा, गुडघा!"

माझा भाऊ पहिलाच चेंडू चुकला. मी घागर खाली ठेवली आणि पोटभर रडून घेतलं.