तीनदा विसळलेला पंप

गावात तिचं नाव कुणी घेत नसे. ती बांधावरून येताना दिसली की मजूर बायका एकमेकींना कोपरानं ढोसत आणि म्हणत, "डिग्री आली गं, नीट खुरपा." तिनं ते एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि मग एक दिवस स्वतःच खतांच्या दुकानात फोन लावून म्हणाली, "डिग्री बोलतेय. माझे रोपांचे ट्रे आले का?" टोमण्यातली निम्मी मजा तिथंच संपली. उरलेली निम्मी लोकांना पुरली.

रसायनशास्त्रात एमएस्सी करून ती घरी परतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की चार दिवस विश्रांतीला आली असेल. पंधराव्या दिवशी तिनं एका प्रयोगशाळेचं नेमणुकीचं पत्र आईच्या हातात दिलं आणि सांगितलं, "यांना मी नाही म्हणून कळवलंय." आईनं पत्र उलटं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला काहीतरी बरं लिहिलेलं असेल.

"मग करणार काय?" वडिलांनी विचारलं.

"शेती."

"सुट्टीच्या दिवशी?"

"रोज."

वडील गुडघे गेल्यापासून दारासमोरच्या खाटेवर असत. तिथून त्यांना नळ दिसे, औजारांची खोली दिसे आणि उताराला लागून असलेलं खालचं शेतही दिसे. त्यांनी बराच वेळ त्या शेताकडे पाहिलं. मग म्हणाले, "खालचं शेत घे. एक हंगाम. पीक घरात आलं तर ते शेत तुझ्याकडे राहील, कायमचं. नाही आलं तर बॅग भरायची आणि मिळेल ती नोकरी धरायची. मग रडारड नको."

हे सगळं दादा ऐकत होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दहावीनंतर शाळा सोडून तो शेतात उतरला त्याला अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत त्याला कुणी "हे तुझं" असं म्हटलं नव्हतं. तो उठून औजारांच्या खोलीकडे गेला. वहिनीनं मात्र चहाचे कप जरा जोरात गोळा केले.

तिनं टोमॅटो लावला. ती पहाटे जाई, दुपारी बांधावर बसून डबा खाई, आणि अंधारून आल्यावर मातीनं भरलेल्या पायांनी येई. रोपं हाताएवढी झाल्यावर तिनं काठ्या रोवल्या, तार ओढली, एकेका रोपाला सुतळीनं सैल बांधलं. गाठ मारताना ती श्वास रोखून धरायची. बोटं कापली की तोंडात घालायची आणि पुढच्या रोपाकडे सरकायची. असं तिला याआधी कशाचंच वेड लागलं नव्हतं. प्रयोगशाळेत तर नाहीच.

चूक तिचीही होती. पहिल्या फवारणीच्या दिवशी दादा मदतीला आला होता. बाटलीच्या झाकणानं औषध मोजून त्यानं ते पंपात ओतलं, तेव्हा ती चार मजुरांसमोर म्हणाली, "दादा, औषध झाकणानं मोजतात का कधी?" पिशवीतून तिनं काचेचं मोजपात्र काढलं, तेच झाकण पुन्हा भरून त्यात रिकामं केलं आणि वर धरून सगळ्यांना दाखवलं. "दीडपट! इतकी वर्षं तू दीडपट विष मारत आलायस."

"बरं झालं बाई आल्या," एक मजूर म्हणाला, "नाहीतर आमचा नंबर लागला असता."

सगळे हसले. दादाही हसला. सगळ्यांचं हसून झालं तरी तो हसत होता.

फुलं धरली. लहान, पिवळी, खाली माना घातलेली. मग वाटाण्याएवढी हिरवी फळं दिसू लागली आणि त्याच आठवड्यात पांढरी माशी आली. पानाला हात लावला की खालून राख उडावी तशी उडे. फवारणी त्याच दिवशी व्हायला हवी होती. तिच्या पंपाचा वॉशर फाटला होता आणि दुकानदार कुटुंबाला घेऊन परगावी गेला होता.

"दादा, तुझा पंप दे ना."

"मला वरच्या शेताला लागतोय." तो औजारांच्या खोलीत कुदळीला दांडा बसवत होता. त्यानं मान वर केली नाही. "कोपऱ्यातला घेऊन जा."

"तो तणनाशकाचा ना?"

"हो. धुऊन घे."

तिनं पंप नळाखाली नेला. थोडं पाणी घातलं, खळखळून हलवलं, दांडा मारून नळीतून आणि तोटीतून सगळं बाहेर काढलं. परत तसंच. परत तसंच. एकदा भरपूर पाण्यानं धुण्यापेक्षा तीनदा थोड्या थोड्या पाण्यानं विसळावं, हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि पाच वर्षं तिनं प्रत्येक भांडं तसंच विसळलं होतं. दादा दारात येऊन उभा राहिला.

"किती वेळा धुतलास?"

"तीनदा."

"बरोबर असेल मग. तुला जास्त कळतं."

वहिनी दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिनं दादाकडे पाहिलं, हातातला पिळा तसाच बादलीत टाकला आणि ती आत निघून गेली.

फवारणीनंतर चौथ्या दिवशी शेंडे वाकडे झाले. नवी पानं दोऱ्यासारखी बारीक, पिळलेली. तिला वाटलं, माशीनं रोग आणला. तिनं दहा रोपं उपटून पुरली. दुसऱ्या दिवशी अख्खं शेत तसंच होतं, एका ओळीला सूट नाही. रोग असा शिस्तीत येत नाही, हे तिला कळत होतं. तरी एक शेंडा कागदात गुंडाळून ती दुकानात गेली.

दुकानदारानं चष्मासुद्धा लावला नाही. "पंप कोणता वापरला?"

"तणनाशकाचा. पण धुतला होता."

"कशानं?"

"पाण्यानं. तीनदा."

"तीनदा!" बाकावरचं एक गिऱ्हाईक म्हणालं. "अहो, मंत्र म्हणायचा राहिला असेल."

"हसू नका रे," दुकानदार म्हणाला आणि स्वतःच हसला. "ताई, तुमची ती भांडी काचेची. काच धुतली की संपलं. हे तणनाशक रबरात मुरतं, नळीत मुरतं. धुण्याच्या सोड्यात दोन दिवस भिजवला तरी तो पंप मी टोमॅटोत नेणार नाही. अर्धा थेंब पुरतो त्याला. घरात कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"दादाला माहीत नसेल."

"तुमच्या दादाला?" दुकानदाराचा आवाज खाली आला. "त्याला माहीत नसेल तर कुणाला असणार? चार वर्षांपूर्वी त्यानं अख्खी मिरची घालवली होती, अशीच. वडिलांनी त्याच पंपाच्या नळीनं भर शेतात झोडला होता त्याला. तुम्ही तेव्हा शिकायला बाहेर होता."

दादा ट्रॅक्टरला ग्रीस देत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं."

"धुऊन घे म्हटलं होतं मी."

"धुऊन जात नाही, हे माहीत होतं तुला."

"विचारलंस का मला, धुतल्यावर चालतो का म्हणून?" त्यानं बोटं फडक्याला पुसली. "झाकण कसं धरायचं हे मला सगळ्यांसमोर शिकवलंस. मी अडाणी माणूस एमएस्सीला काय शिकवणार?"

"माझं सगळं शेत गेलं, दादा."

"तुझं?" तो म्हणाला. "अकरा वर्षं मी त्यात गुडघाभर चिखलात उभा आहे. तुझं कधी झालं?"

ती वळली आणि थेट वडिलांच्या खाटेपाशी गेली. दादा फडकं हातात घेऊन मागोमाग आला. तिनं सगळं सांगितलं. दुकानात कळलं ते, पंप कुणी दिला ते, नळावर काय झालं ते. वडील शांतपणे ऐकत होते.

"नळावरचं सांगू नकोस," ते म्हणाले. "मी इथंच होतो. बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? एकदा असं पीक डोळ्यांसमोर गेलं की माणूस जन्मभर विसरत नाही. त्यालाही मी तेव्हा अडवलं नव्हतं."

"कुणाला?" दादानं विचारलं.

"तुला. मिरचीच्या वेळी. पंप पाठीवर घेऊन माझ्यासमोरूनच गेलास की तू."

दादाचं बोट फडक्याच्या भोकात अडकलं होतं. ते तसंच राहिलं. दोघं भावंडं खाटेच्या दोन बाजूंना उभी होती. मग वडिलांनी पाण्याचा तांब्या मागितला आणि दादानं तो दिला.

ती शेतात पळत गेली आणि एक फांदी घेऊन आली. बुंध्यापाशी आलेला नवा फुटवा, त्याला दोन सरळ, रुंद पानं. "बाबा, हे बघा. खालून नीट येतंय. पंधरा दिवस द्या. निम्मं तरी पीक हाती येईल."

वडिलांनी फांदी डोळ्यांजवळ नेली. "सरळ आहे पान," ते म्हणाले. "पण हंगाम तुझा संपला."

ती दादाकडे वळली. त्यानं फांदी तिच्या हातातून घेतली, पानावर अंगठा फिरवला.

"मिरचीलाही फुटवा आला होता," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. नांगरली."

"कुणी?"

"मीच. यांनी सांगितलं म्हणून." त्यानं फांदी खाटेच्या कडेवर ठेवली. "उद्या सकाळी ट्रॅक्टर घालतो. काठ्या आणि तार तेवढी काढून घे, नांगरात अडकेल."

मजूर कुणी बोलावले नव्हते. उजाडल्याबरोबर ती एकटीच पहिल्या ओळीत शिरली. सुतळी कापायची, काठी उपटायची, तार गुंडाळायची, बाजूला टाकायची. आधार गेला की रोप फळांसकट आडवं होई. सहा ओळी झाल्या तेव्हा मागे ट्रॅक्टर सुरू झाला. तो तिच्या मागोमाग येत राहिला, ओळीमागून ओळ, आणि तो अंगावर येऊ नये म्हणून तिला भराभर हात चालवावे लागले. बांधावर वहिनी डबा घेऊन आली होती. एकाचाच होता.

शेवटच्या दोन ओळी उरल्या, तेव्हा दादानं ट्रॅक्टर थांबवला. इंजिन चालूच होतं. तो वरून वाकला.

"संध्याकाळची गाडी आहे ना तुझी?"

तिनं मान हलवली.

"जायच्या आधी एक सांग. इथं आता मका टाकतोय. खत किती घालू?"

तिनं हातातली तार खाली ठेवली. तिनं या मातीची तपासणी केली होती आणि आकडा तिला तोंडपाठ होता. तिनं सांगितला. इंजिनच्या आवाजात त्याला तो ऐकू गेला नाही. त्यानं कानाला हात लावला, म्हणून ती जवळ गेली, मान वर केली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, तिनं पुन्हा बरोबर तोच आकडा सांगितला. त्यानं तो तळहातावर पेनानं लिहून घेतला आणि गिअर टाकला.