इंदूर नर्मदेच्या पलीकडे आहे

पायी करायच्या यात्रेला विमानाने निघायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरी ते दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी सांगतंच, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

मी नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. निवृत्त झाल्यापासून नातेवाइकांच्या प्रवासाची आखणी करणं हा माझा उद्योग झाला आहे. लोक माझ्याकडे सल्ला मागायला येतात असं मी सांगतो. खरं म्हणजे कोणी बॅग भरताना दिसलं की मीच जाऊन बसतो. एका मावसबहिणीला मी लग्नासाठी असा काही जवळचा मार्ग शोधून दिला की ती पोचली तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण दुसऱ्या कोणी तिचं तिकीट काढलं तर मला वाईट वाटतं.

माझा मोठा भाऊ पारशिवनीजवळच्या आमच्या गावी शेती करतो. मी त्याला भाऊच म्हणतो. वहिनीच्या मनात नर्मदा परिक्रमा फार होती. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, एका काठाने जायचं, दुसऱ्या काठाने परत यायचं, सगळं पायी. दर दिवाळीला ती विषय काढायची आणि भाऊ म्हणायचा, धान निघू दे. धान निघालं की कापूस, कापूस झाला की मुलीचं लग्न. गेल्या उन्हाळ्यात वहिनी गेली. तेरवीच्या पंगती उठल्यावर भाऊ ओसरीवर माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "यंदा जातो गा. तिच्या वाटची चालून येतो."

म्हणजे ही परिक्रमा त्याची नव्हतीच. ती वहिनीची होती, आणि म्हणून तिच्यात कुठे खोट राहू नये एवढंच त्याचं म्हणणं होतं. परिक्रमेचे नियम पुष्कळ आहेत, त्यातले बरेचसे माणसं आपापल्या सोयीने वाकवतात. एक मात्र वाकत नाही: एकदा संकल्प सोडला की नर्मदा ओलांडायची नाही. समुद्राशी वळसा घेताना नाव लागते, तेवढीच मुभा. एरवी ओलांडली की परिक्रमा खंडित झाली. भाऊ हा नियम मला फोनवर इतक्यांदा ऐकवायचा की शेवटी शेवटी मी फोन कानापासून लांब धरून हो हो म्हणायचो.

त्याचा बेत साधा होता. "नागपूरवरून रेल्वेनं खंडव्याले उतरतो. तेथून बसनं ओंकारेश्वर. तेथून चालाले सुरुवात."

मी हसलो. आता आठवलं की तेच हसू माझ्या अंगावर येतं. मी म्हणालो, रात्रभर रेल्वेत जागायचं, मग बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि मग चालायला सुरुवात करायची? त्यापेक्षा नागपूर ते इंदूर विमान. तासाभरात इंदूर. बाहेर टॅक्सी उभी, दुपारच्या जेवणाला ओंकारेश्वर. भाऊ जन्मात विमानात बसला नव्हता आणि त्याला बसवणारा मी असावा, असं मला फार वाटत होतं. त्यात माया किती आणि मिरवणं किती, याची वाटणी मला आजही करता येत नाही.

दिवाळीआधीचा सगळा महिना मी स्वतःला या कामाला जुंपून घेतलं. सकाळचं विमान की दुपारचं, खिडकी डावीकडची की उजवीकडची, टॅक्सी विमानतळावरून की शहरातून, घाटात गाडी लागते का, लागली तर आलेपाक कोणाच्या खिशात. मोबाईलवर नकाशा लहानमोठा करून माझा अंगठा दुखायला लागला. बायको म्हणाली, "चालणार ते आहेत आन् थकून तुम्ही राहिले."

मी फक्त पोचवायला जाणार होतो. भावाला ओंकारेश्वरला सोडून दुसऱ्या दिवशी इंदूरहून परत. सोबत का चालत नाही असं विचारलं तर मी गुडघा सांगायचो. गुडघ्याला तसं काही झालेलं नाही, पण आमच्या वयात गुडघा म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

कार्तिकातली एकादशी झाल्यावर भाऊ नागपूरला आला. पांढरं धोतर, झोळी, कमंडलू, घोंगडी आणि त्याच्या खांद्याएवढी बांबूची काठी. परिक्रमेत या काठीला दंड म्हणतात आणि तो शेवटपर्यंत सोडत नाहीत. महिनाभर सगळ्याचा विचार करणाऱ्या माझ्या डोक्यात हा दंड काही आला नव्हता. विमानतळावर तपासणीला उभ्या असलेल्या मुलीने काठीकडे बोट दाखवून विचारलं, "ये क्या है?" मी शिक्षकी आवाजात सांगितलं, "दंड है." ती म्हणाली, "किस बात का?" मागच्या रांगेतली माणसं हसली. शेवटी काठी बॅगांबरोबर द्यावी लागली. सरकत्या पट्ट्यावरून ती आत गेली तेव्हा भाऊ चिता पेटलेली बघावी तसा उभा होता. मी त्याला म्हटलं, मिळते परत, काळजी नको. माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारा आमच्या घरात तो एकटाच उरला आहे.

विमान वर गेलं आणि भाऊ लहान पोरासारखा खिडकीला चिकटला. माझ्यातला मास्तर जागा झाला. हा सातपुडा, तिकडे बैतूल, या डोंगरात तापीचा उगम. भाऊ मान डोलवत होता आणि मी सुखात होतो. मग खाली भलंमोठं पाणी दिसलं, धरणाचा फुगवटा, उन्हात चकाकणारा.

"भाऊ, ही नर्मदा," मी म्हणालो.

त्याने हात जोडले, डोळे मिटले, पुटपुटला. डोळे उघडून परत खाली बघितलं. पाणी मागे चाललं होतं.

"इंदूर कोन्या बाजूले हाय?"

"उत्तरेला."

"अन् खंडवा?"

"दक्षिणेला," मी म्हणालो. आपल्या गावाकडच्या बाजूलाच, हे मी म्हणालो नाही, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात नकाशा उलगडला होता. ही नावं मी मुलांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतली. नकाशात इंदूर नर्मदेच्या खाली दाखवलं म्हणून पोरांना बाकावर उभं केलं. रेल्वेने खंडव्याला गेलं असतं तर नर्मदा मध्ये आलीच नसती. विमानाने आम्ही ती ओलांडून पलीकडे चाललो होतो आणि टॅक्सी पुलावरून परत अलीकडे आणणार होती.

तरी मी धीर धरून म्हणालो, "संकल्प ओंकारेश्वरला सोडायचा असतो. त्याआधी ओलांडली तर बिघडत नाही."

भावाने मागे राहिलेल्या पाण्याकडे परत एकदा बघितलं. मग म्हणाला, "म्या तं घरूनच सोडला गा. तिच्या फोटोसमोर. पूजेत बायको हाताले हात लावते ना, तसा सुनेनं तिचा फोटो माह्या हाताले लावून धरला होता."

त्यानंतर विमानात काय झालं ते मला सांगता येणार नाही. चहा आला होता बहुतेक.

इंदूरला काठी मिळाली. टॅक्सीत बसल्यावर मी एकामागून एक युक्तिवाद काढले. आकाशातून गेलं तर ओलांडणं होत नाही, पाय कुठे लागला? भाऊ बाहेर बघत राहिला. म्हटलं, आता पुलावरून परत अलीकडे येतो आहोत. दोनदा ओलांडलं की वजाबाकी होऊन शून्य उरतं. त्यावर मात्र तो म्हणाला, "तसं असतं तं दोनदा खोटं बोलनारा मानूस खरा झाला असता." मी बायकोला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही शाळेत भूगोलच शिकवत होते ना?" मी फोन ठेवला.

भाऊ माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो चिडलेला नव्हता. वहिनीने आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही तो जिवंतपणी देऊ शकला नाही, आणि आता देतो म्हटलं तर सुरुवातीलाच भंगली, एवढं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि भंगवली मी, खिडकीजवळची जागा निवडून.

बडवाह गाव मागे पडलं आणि पूल दिसायला लागला. भाऊ म्हणाला, "गाडी थांबव." ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "पुलावर घालू नको. मी येथंच उतरतो."

पुलाच्या तोंडाशी, उत्तर काठावरच, घाट आहे. आम्ही खाली उतरलो. पायऱ्यांवर एक म्हातारे पुजारी ताटातली फुलं वेगळी करत बसले होते. भावाने त्यांना सगळं सांगितलं, आमच्याकडच्या बोलीत, मधेमधे हिंदी घालून. विमानाचा भाग आला तेव्हा पुजाऱ्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "टूट गई तो टूट गई, बाबा. मैया गुस्सा नहीं करती. यहीं से उठा लो." परिक्रमा उचलायची ती कुठूनही उचलता येते, जिथून उचलली तिथेच येऊन संपवायची. या काठावरून निघालं तर आधी उगमाकडे जायचं, अमरकंटकला, एवढाच फरक.

भाऊ नदीत बुडी मारून आला. ओल्या अंगाने बसला. पुजाऱ्यांनी हातावर पाणी घातलं आणि तो थांबला. "पन तिचा हात?" म्हणाला.

मी खिशातून मोबाईल काढला. म्हटलं, सुनेला सांगतो, फोटो आत्ता मागवतो, एका मिनिटाचं काम. भाऊ म्हणाला, "राहू दे. तिले मोबाईल आवडेच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू लाव."

मी चप्पल काढून त्याच्या शेजारी बसलो आणि त्याच्या कोपराला हात लावला. लहानपणी याच हाताला धरून मी शाळेत गेलो होतो. तो हात इतका बारीक झाला असेल हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. पुजारी मंत्र म्हणत होते, भावाने पाणी सोडलं.

सगळं झाल्यावर माझ्या डोक्यात एक नवीनच भीती शिरली. हात लावणाराही संकल्पात येतो ना? मग मी घरी कसा जाणार? नागपूर नदीच्या पलीकडे. न ओलांडता जायचं तर वाट एकच, अमरकंटकला उगमाच्या मागून वळसा घालून. या एका वेळी माझा भूगोल चुकला नव्हता. मी पुजाऱ्यांना विचारलं. ते पोट धरून हसले. भाऊ म्हणाला, "तुले काहून लागंन गा? तू जा. विमान पकड."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचं वाईट वाटलं. आपल्याला लागू असतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. भावाने काठी घेतली, झोळी खांद्यावर टाकली आणि नदी उजवीकडे ठेवून चालायला लागला. मी पायरीवर उभा होतो. त्याने मागे वळून बघितलं नाही, तसा नियम आहे की काय मला माहीत नाही.

परतीच्या विमानातही माझी जागा खिडकीचीच होती. खाली पाणी आलं तेव्हा मी समोरच्या खिशातलं सूचनापत्रक वाचत होतो.

घरी आल्यावर नातेवाइकांनी काय काय म्हटलं ते जाऊ दे. काही दिवस मी कोणाचं तिकीट काढलं नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. भाऊ वाटेतल्या आश्रमांतून कोणाच्या तरी फोनवरून फोन करायचा. पाय बरे आहेत, लोक जेवू घालतात, थंडी आहे. मी इकडून विचारायचो, आता कुठे आहेस, आणि नकाशा उघडायचो. दर वेळी नदी आमच्या मध्ये असायची.

माघात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. भाऊ अमरकंटकहून बोलत होता. आवाज बसला होता, पण खुशीत होता. "मय्या येथं एवढीशी हाय गा," म्हणाला. "कुंडातून निंगते. तिच्या मांगून फिरून आलो. कुठंच ओलांडली नाही. आता या काठानं खाली येऊन राहिलो."

मी तब्येत विचारली. त्याला ते ऐकू आलं नसावं.

"आता मी तुमच्या बाजूले आलो," तो म्हणाला. "तू, घर, तिचा फोटो, सारे एका बाजूले. मंधात कुठंच पानी नाही."