उलटा सेल

टेबलावर जुन्या फडक्यावर ठेवलेली ती दोन सेलची बॅटरी मला अजून जशीच्या तशी दिसते. नोकरीत मोठे गुन्हे पुष्कळ पाहिले, पेपरात फोटो यावा असेही काही उघडकीस आणले. पण निवृत्त होऊन सोलापुरात घर केल्यापासून मनात सारखी येते ती ही साधी चोरी. गेलं काय होतं, तर विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आणि थोडी केबल.

आठवण निघाली ती पुतणीमुळे. ती नुकतीच फौजदार झाली आहे. परवा घरी आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, ड्यूटीला कुठली बॅटरी घेऊ?" एक म्हणे मैलभर उजेड टाकते, एक पाण्यात बुडाली तरी चालते, एक रोज चार्जिंगला लावायची. मी म्हटलं, "मैलभरावरच्या चोराला उजेड टाकून काय वाट दाखवायची आहे का?" पोलिसाला उजेड लागतो तो गाडीच्या डिकीपुरता, पंचनाम्याच्या जागेपुरता, समोरच्याच्या हातांपुरता. बटण न बघता अंगठ्याला सापडलं पाहिजे. जीपच्या बॉनेटवर ठेवली तर घरंगळता कामा नये. सेल कुठल्याही खेड्यातल्या किराणा दुकानात मिळाले पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे ती हातानं उघडता आली पाहिजे. "उघडायची कशाला?" असं तिनं विचारलं आणि मला मामांची गोष्ट सांगावी लागली.

मामा म्हणजे आमचे हवालदार. हवालदाराला मामा म्हणायची रीत सगळ्याच ठाण्यांत आहे, पण काहींना ते नाव शोभतं. हे अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे, अंगानं आडवे आणि आवाजानं मऊ. मी तेव्हा ऊसपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. विहिरीवरच्या केबली कापून नेण्याचं पेव फुटलं होतं, म्हणून आम्ही गावोगावी ग्रामसुरक्षा दलं उभी केली होती. गावातल्याच माणसांनी आळीपाळीनं गस्त घालायची. त्यांना काठी कशी धरावी, गाडी कशी थांबवावी, हे शिकवायचं काम मामांकडे होतं. बॅटरीचं शिकवतानाही ते सांगायचे, "गस्त संपली की झाकण फिरवायचं आन् मागचा सेल उलटा घालायचा. पिशवीत बटण दाबलं गेलं तरी पेटत न्हाई, सेल उतरत न्हाईत." ही आम्हा जुन्या पोलिसांची सवय. मी स्वतः नोकरीभर तेच केलं.

एका सकाळी अशाच एका गावच्या दलाचा प्रमुख ठाण्यात आला. चाळिशीचा शेतकरी, तरतरीत, मामांचा लाडका. म्हणाला, "साहेब, हिरीवरच्या आमच्या चुलतभावाच्या मोटारीचा स्टार्टर गेला, केबल बी कापलीया. त्याच्या रानात धनगराची मेंढरं बसल्यात. त्यातलं पोरगं हिरीकडं जाताना मी सवता पाह्यलंय."

आमच्याकडे पीक निघालं की रानात मेंढ्या बसवतात. लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरीच बोलावून नेतो, आणि काही हरवलं की पहिला संशय त्याच पाहुण्यांवर घेतो. त्या चुलतभावानं फिर्याद दिली. विहिरीजवळच्या बांधालगत एक बॅटरी सापडली. ती पेटत नव्हती, म्हणून आमच्या शिपायानं पंचनाम्यात 'नादुरुस्त' असं लिहून मुद्देमालात जमा केली. धनगराच्या मुलाला ताब्यात घेतलं. विशीतला गडी, लग्न होऊन वर्षही झालेलं नसेल.

त्याच्या मागोमाग त्याची आई आली आणि ठाण्याच्या दारात बसली. मामांनी चहा दिला तर कप तसाच बाजूला ठेवला. "माजं लेकरू सोडल्याबिगर मी हितनं उटायची न्हाय," एवढंच ती म्हणाली. घरधनी थकलेला, त्यानं एकट्यानं कळप हलवायचा कसा? पुढच्या रानाचा मालक वाट बघत होता. आणि चोरीचा शिक्का एकदा बसला की या पट्ट्यात कुणी त्यांना रानात उतरू देणार नव्हतं. त्या कुटुंबाचं सगळं जगणंच त्या एका फिर्यादीला टांगलं होतं.

मी मुलाला समोर घेतलं. मारहाणीनं कबुली मिळते, माल मिळत नाही, हे मी फार आधी शिकलो होतो. तो म्हणाला, "साहेब, आमाला ना हीर, ना लाइट. स्टार्टर घिऊन मेंढीला लावू का?"

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. सापडलेली बॅटरी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "पेटव." त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तळहातावर आपटली, कानाशी धरून हलवली. मग माझ्याकडे परत देत म्हणाला, "बिगाडलीया की ही."

तोंडानं खोटं बोलणारे पायलीला पन्नास भेटतात. हातानं खोटं बोलणारा क्वचितच. तो मुलगा त्या वस्तूला पहिल्यांदाच हात लावत होता, याबद्दल माझी खात्री झाली. मी झाकण फिरवलं. सेल नवे होते. मागचा उलटा घातलेला होता. सरळ केला आणि बटण दाबलं, तर भिंतीवर लख्ख पिवळा गोल पडला.

मी मामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "अय्यो देवरे," ते हळूच म्हणाले. काम उरकल्यावर कुणीतरी सवयीनं सेल उलटा केला होता, बॅटरी कमरेला खोचली होती आणि बांध चढताना ती पडली होती. चोर त्यांच्याच वर्गातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलातल्या सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. गस्तीसाठी नव्या बॅटऱ्या आल्या आहेत, बघून घ्या, असं सांगितलं. व्हरांड्यात प्रत्येकाच्या हातात एकेक दिली. माणसं लहान पोरांसारखी एकमेकांच्या तोंडावर उजेड मारत बसली. थोड्या वेळानं मामा म्हणाले, "बरं, आता खोक्यात ठेवा. नोंद करून सांच्याला वाटू." एकेक जण आला, बॅटरी खोक्यात टाकून गेला. शिकवलं सगळ्यांना होतं, हाताला वळण लागलं होतं एकाच्याच. दलप्रमुखानं बोलता बोलता झाकण फिरवलं, मागचा सेल उलटा केला, झाकण लावलं आणि बॅटरी नीट आडवी ठेवली. मान वर केली तेव्हा मामा त्याच्याकडेच बघत होते.

मी पुढे होणार, तोच मामांनी नजरेनं मला थांबवलं. सगळ्यांना चहा पाजला, गावाकडच्या चौकशा केल्या, वाटेला लावलं. त्याला तेवढं म्हणाले, "तू जरा थांब. खोका आत घ्यायचाय." दार लोटून घेतलं. मी प्रश्न विचारायच्या आधीच तो खाली बसला.

"मामा, तुमी बगितलं की."

"व्हय. बगितलं."

मग एकेक बाहेर आलं. विहीर भावकीची, सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पण मोटार चुलतभावाची, त्यामुळे बटण त्याच्या हातात. याची पाळी आली की मोटार हमखास बंद पडायची. "माजा ऊस डोळ्यांदेखत वाळाय लागला, मामा. म्हनलं, त्याचं बी चार दिस बंद पडू दे. इकायचं न्हवतंच मला."

मी विचारलं, "आणि त्या पोराचं नाव का घेतलंस?"

त्यानं लोटलेल्या दाराकडे पाहिलं. दारात बसलेल्या त्या म्हातारीच्या शेजारूनच तो आत आला होता.

त्याच्या गोठ्यामागच्या उसाच्या वाळल्या पाचटाच्या ढिगातून पंचांसमक्ष स्टार्टर आणि केबल काढली. धनगराच्या मुलाला मामांनी स्वतःच्या मोटारसायकलवरून कळपापर्यंत सोडलं. आई चालतच गेली. मोटारसायकलवर बसायची तिला भीती वाटत होती.

संध्याकाळी मामा स्टेशन डायरी पुढ्यात घेऊन नुसतेच बसून होते. म्हणाले, "साहेब, एवढ्या गावांत शिकवलं. मन लावून ऐकलं ते एकानंच, आन् तोच निघाला." मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. आज वाटतं, तशी एक संध्याकाळ पुन्हा मिळावी. ती खुर्ची, बाहेरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज आणि शेजारी मामा. निवृत्त माणसाला लोक मान देतात, पण शेजारी गप्प बसायला कुणी येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. त्यांच्या गावी माती द्यायला गेलो, तर गर्दीच्या कडेला तो दलप्रमुख उभा होता. केस पांढरे झालेले. कोर्टातलं प्रकरण केव्हाच संपलं होतं, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटला होता. इतक्या लांब तो कसा, म्हणून मी जवळ गेलो.

"साहेब, त्यांनी मला चारचौघांत धरलं न्हाई," तो म्हणाला. "आन् दर दिवाळीला फोन करायचे. एकच इचारायचे, पाळीचं पानी मिळतंय न्हवं?"

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसलो आणि हा फोन कधी कानावर आला नव्हता. गुन्हा उघडकीस आणणं मला येत होतं. आरोपपत्र गेल्यावर माणूस शिल्लक राहतो आणि त्याची विहीर तिथंच असते, हे मामांना कळलं होतं. या तपासानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर एवढंच सांगेन. उशिरा शिकलो.

त्या दिवाळीला मी त्याचा नंबर लावला. पाळीचं पाणी मिळतंय ना, असं विचारलं. तो म्हणाला, "मिळतंय, साहेब." आणि आम्ही दोघंही फोन धरून तसेच थांबलो, मध्ये मामा बसले असल्यासारखे.