पुसलेलं टोपण

"पोरं टोपण परत लावत नाहीत," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे गल्लीतल्या पोरांनी हवा सोडली असती, तर व्हॉल्वचं टोपण गटारात गेलं असतं. येताना खाली बघितलं, जागच्या जागी आहे. घट्ट पिळलेलं. वर पुसलेलं! टायरला चिखल आणि टोपणाला पॉलिश?"

"तू पळून आलीस की पोलिसात भरती होऊन?"

"पळून नाही, लंगडत आले."

सायकलवाल्यानं हातातलं फडकं हळूच पाठीमागं नेलं. बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, पाय कोमट पाण्याच्या टबात. टाचेला चिकटलेला मोजा सुटता सुटत नव्हता. तीन आठवड्यांवर बेचाळीस किलोमीटरची शर्यत. आज बत्तीस पळायचे होते. सव्विसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला आणि पुढचे सहा तिनं भिंती धरत, कठड्यांवर बसत काढले. घोटभर पाणी नाही. पाणी नेहमी लेकीच्या सायकलवर असतं, आणि सायकल सकाळपासून हवा गेलेली, खाली दुकानाच्या दारात उभी.

"सकाळी काय म्हणालास? पंक्चर आहे, तास लागेल, तू हो पुढं. आता म्हणतोस पोरांनी हवा सोडली. एक काय ते ठरव ना."

बायको इस्पितळात रक्त घ्यायचं काम करते. ज्यांची शीर कुणालाच सापडत नाही, असे पेशंट तिच्याकडे धाडतात. नवऱ्याची शीर तर तिला झोपेतही सापडली असती.

आणि तो? वाकडं चाक नुसतं फिरवून, कान लावून, कुठला स्पोक ढिला आहे ते सांगणारा माणूस. खालच्या दुकानात त्याच्या हाताखालून गेलेली सायकल ओळखायची एकच खूण, व्हॉल्वचं टोपण घट्ट आणि स्वच्छ. सवयच ती. लग्नाला गेला तरी मांडवाबाहेरच्या सायकलींची टोपणं पिळून, पुसून मगच अक्षता टाकायला जायचा. त्याच सवयीनं काल संध्याकाळी घात केला.

दोन वर्षांपूर्वी बायकोनं पळायला सुरुवात केली, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो लेकीचा. आठवडाभर इस्पितळ, रविवारी तीन तास रस्त्यावर, मग पोरीनं आईला बघायचं कधी? तोडगा त्यानंच काढला. भंगारातल्या तीन सायकलींतून एक केली. एकीची चौकट, दुसरीची चाकं, तिसरीची घंटी. तारा वाकवून हँडलला दोन बाटल्यांच्या जागा केल्या. नऊ वर्षांची भिंगरी, घडीभर एका जागी न टिकणारी म्हणून हे नाव, आईच्या बाजूनं सायकल चालवायला लागली. मीठ-साखर-लिंबाचं पाणी, चार केळी, आणि तोंडाची अखंड टकळी.

"नवरा असावा तर असा," समोरचा शिंपी म्हणाला होता.

तेव्हा त्याची छाती फुगली होती. सहा महिन्यांत कळलं, की आपण आपल्या हातानं सवत घडवली, वर तिला घंटीही बसवून दिली.

कारण पूर्वी रविवार त्याचा होता. भिंगरी दुकानात बसायची, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडा दिसला की "सापडलं!" म्हणून ओरडायची. आता दोघी दहा वाजता घामानं थबथबलेल्या यायच्या, दारातच एकमेकींकडे बघून खिदळायच्या.

"आज टॉवेलनं हात केला!"

"कोण टॉवेल?" तो विचारायचा.

"एक आजोबा आहेत बाबा, टॉवेल गुंडाळून झाडांना पाणी घालतात. आणि आज ना, इन्स्पेक्टरनं..."

"इन्स्पेक्टर कोण?"

"कुत्रा. जाऊ दे बाबा, तिथं असावं लागतं."

तिथं असावं लागतं! हे वाक्य त्याच्या छातीत खिळ्यासारखं बसलं. बारा वर्षांच्या संसारात बायको शेवटच्या किलोमीटरला मोठ्यानं पाढे म्हणते, हे त्याला लेकीकडून कळावं? लहानपणी ती विहिरीत पडली होती, हेही लेकीकडून? "तुला नाही माहीत?" भिंगरीनं डोळे मोठे करून विचारलं होतं. त्यानं "माहीत आहे गं" म्हणून थाप मारली आणि दिवसभर एकाच नटाशी झटापट करत बसला.

एकदा तो त्यांच्या वाटेवर, वळणाजवळ पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. पाऊण तास. दोघी आल्या, बाटली गेली, "थँक यू बाबा!" झालं. चार सेकंद. कुठल्या परक्या माणसालाही त्यांनी इतकंच गोड थँक यू म्हटलं असतं.

म्हणून काल दुकान बंद करताना त्यानं व्हॉल्व ढिला केला. सूं सूं करत हवा गेली, आणि खरं सांगायचं तर तेवढा वेळ त्याला फार बरं वाटलं. मग व्हॉल्व बसवला, टोपण लावलं. पुसलं.

"बोल की," बायको म्हणाली. "तोंडातली हवा पण गेली?"

"माझा रविवार कुठं गेला, ते तू सांग आधी."

"अच्छा! म्हणजे तूच!"

"तुम्ही दोघी एक, आणि मी दुकानातला पाना. लागला की उचलायचा."

"दुकानात चौदा सायकली उभ्या आहेत. एकीवर टांग टाकून यायचं होतंस!"

"कुणी बोलावलं मला?"

"नवऱ्याला बोलवायला पत्रिका छापायची का आता? सहकुटुंब सहपरिवार यावे म्हणून?"

"एकदा म्हणायचं होतंस, नुसतं 'चल' म्हणून."

बायकोनं मोजा ओढला. निघाला. तिनं ओठ चावला, पाणी गुलाबी झालं. तो खाली वाकला, तिनं पाय बाजूला घेतला.

"मला राग पायाचा नाही," ती म्हणाली. "पाय माझा आहे, बरा होईल. पण मघाशी पायरीवर बसले होते, तर मनात काय होतं माहितीये? बिचारा एकटा चाक खोलून बसला असेल आपल्या पोरीसाठी."

आजचा रविवार मिळाला होता त्याला, चोरलेला. भिंगरी सगळी सकाळ खिडकीत बसून होती. त्यानं पत्ते काढले, तिनं एक डाव हरल्यासारखा खेळला. "टॉवेल आजोबा वाट बघतील," एवढंच म्हणाली. मग तो अंडी आणायला गेला, आणि आला तेव्हा ती खाली दुकानात होती; आई वर गेल्यावरही तिथंच राहिली.

आता जिन्यावर पावलं वाजली. भिंगरी दारात. कोपरापर्यंत हात काळे.

"बाबा, मी ट्यूब काढली. स्वतः."

"अगं, मी काढणार होतो..."

"घमेल्यात बुडवली. तीनदा. सगळीकडून फिरवून." तिनं नाक मनगटानं पुसलं, नाकही काळं झालं. "एक पण बुडबुडा नाही आला."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. सांगून टाकलं नाही. वाट बघत राहिली.

"मी सोडली हवा," तो म्हणाला. "मीच."

"का?"

"मला... तुम्ही दोघीच जाता ना. म्हणून."

भिंगरी वळली आणि जिना उतरली. तो मागोमाग. दुकानात तिनं ट्यूब बसवून ठेवली होती, टायर कडेनं नीट दाबलेलं. त्यानं पंप उचलला. तिनं त्याच्या हातातून काढून घेतला. सगळं वजन टाकून एकेक दाब देत राहिली. तो नुसता उभा. मग तिनं अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं, त्यानंच शिकवलेलं तसं.

"पुढच्या रविवारी मी येऊ?" त्यानं विचारलं. "मागं मागं राहीन. टॉवेल आजोबा बघायचेत मला. येऊ का गं?"

भिंगरीनं टोपण लावलं. घट्ट पिळलं. फ्रॉकच्या कडेनं पुसलं. आणि सायकल हातात धरून, त्याच्याकडे न बघता, दुकानाबाहेर गेली.